कमरेचा दवाखाना

बारामतीत आमच्या दवाखान्याची ख्याती कमरेसाठी आहे. सुप्यापासून सणसरपर्यंत कुणाची कंबर धरली, की कुणीतरी सांगतंच, "तितं जावा, लई गुण हाय." खरं सांगायचं तर आमच्याकडे कमरेसाठी येणारी माणसं निम्मीसुद्धा नसतात. बाकीच्यांच्या कमरा ठणठणीत असतात. ती येतात मागच्या खोलीसाठी, आणि मागच्या खोलीत माझी सून बसते.

सून समुपदेशक आहे. म्हणजे ती माणसाला समोर बसवते आणि त्याचं ऐकून घेते. गोळी नाही, सुई नाही, तपासायची नळी नाही. हा काय उद्योग आहे हे मला बरेच दिवस कळेना, कारण माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. तिथं माणूस आला की हजेरी लागते आणि पाळी संपली की माणूस जातो. कुणी रडत आलं तर का रडतोस हे विचारायचं नसतं, उशीर का झाला हे विचारायचं असतं. रिटायर झाल्यावर मी घरात बसलो आणि घरातल्यांनाही पाळ्या लावून दिल्या. अंघोळ कुणी कधी करायची, मोटर कुणी कधी चालू करायची, दुधाचं पातेलं कुणी बघायचं. शेवटी बायकोनंच सुनेपुढं हात जोडले. "ह्यांना घेऊन जा बाई तुझ्या दवाखान्यात. मॅनेजर कर न्हायतर पेशंट कर, पण घेऊन जा."

तर असा मी मॅनेजर झालो. घरी ती मला बाबा म्हणते, मी तिला अगं पोरी म्हणतो. दवाखान्यात मी तिला मॅडम म्हणतो आणि ती सगळ्यांसारखं मला तात्या म्हणते. घरी चहा गार झाला तर मी ओरडतो. दवाखान्यात मी ओरडलो तर ती दार किलकिलं करून नुसती बघते, आणि मी खुर्चीत बसतो. ज्या चेअरमनला मी कधी घाबरलो नाही त्यानं हे बघायला पाहिजे होतं.

सुरुवातीला बोर्डावर 'समुपदेशन केंद्र' हे मोठ्या अक्षरात होतं आणि 'फिजिओथेरपी' बारीक. लोक बोर्ड वाचायचे आणि चालण्याचा वेग वाढवायचे. एकानं तर दारात येऊन मला विचारलं, "येड्यांचा दवाखाना ह्योच का?" मी म्हटलं, तुम्हाला दाखवायचंय का? तर म्हणाला, "न्हाय न्हाय, शेजारच्या टायरच्या दुकानात जायचंय, खूण म्हणून इचारलं." त्याच दिवशी मी पेंटरला बोलावलं आणि अक्षरं उलटी करून घेतली. आता फिजिओथेरपी रस्त्याच्या पलीकडून दिसते आणि समुपदेशन वाचायला मलाच चष्मा लागतो. मॅडम दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग मागच्या खोलीत माणसं यायला लागली आणि त्यांचा राग निवळला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांच्या कॉलेजात शिकवत नसावेत.

आमचा स्टाफ म्हणजे मी धरून चौघं. पुढच्या खोलीत फिजिओथेरपीची डॉक्टर, इंदापूरची. अंगानं काडी, पण तिच्या अंगठ्याखाली मी भल्याभल्या पैलवानांना आई आठवताना बघितलंय. काउंटरवर सुप्याकडची मुलगी, रोज एसटीनं येते. काउंटरच्या खालच्या कप्प्यात तिची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं असतात आणि ती मला दिसत नाहीत असं तिला वाटतं. घरून फोन आला की ती हळूच म्हणते, "जय भीम पप्पा, नंतर करते, तात्या बघतायत." मी बघत नसतो, पण नाव माझंच.

या मुलीकडं एक फार जोखमीचं काम होतं, ते म्हणजे टीव्हीचा रिमोट. मागच्या खोलीची भिंत प्लायवूडची. आत कुणी रडायला लागलं की बाहेरच्या बाकड्यावर ऐकू येतं. म्हणून आतून हुंदका आला, की हिनं टीव्हीचा आवाज वाढवायचा. मालिकांमध्ये कायम कुणीतरी रडत असतंच, त्यामुळं कुठलं रडणं कुठलं हे बाकड्याला कळायचं नाही. एकदा तिनं चुकून शेतीचा कार्यक्रम लावला होता. आतून बाईचं रडणं आणि पडद्यावर ठिबक सिंचन. बाकड्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "एवढं काय रडती ही, अनुदान मिळालं न्हाय का काय?"

बाकडं ही तर माझी जन्माची डोकेदुखी होती. आपल्याकडं दोन अनोळखी माणसं शेजारी बसली की "तुमी कुठलं?" इथून सुरू होतं, आणि चहा येईपर्यंत एकीची मावशी दुसरीच्या चुलत सासऱ्याच्या घरात निघते. इतर दवाखान्यांत हे चालतं. आमच्याकडं ताकाला येऊन भांडं लपवणारी माणसं, त्यांना नातं निघणं म्हणजे संकट. मी भिंतीवर कागद लावला, 'कृपया एकमेकांची चौकशी करू नये.' पिंपळीच्या एका आजीनं तो शेजारणीकडून वाचून घेतला आणि मोठ्यानं विचारलं, "ह्यो कागद कुणी लावलाय? कुठल्या गावचा हाय त्यो?"

चौकशीला भिऊन लोक काय काय करतात ते मी मॅनेजर झाल्यावर बघितलं. दर शनिवारी आम्ही इंदापूरला जातो, तिथं बियाण्याच्या दुकानावर एक खोली घेतलीय. हेतू असा, की इंदापूरच्या लोकांना बारामतीपर्यंत हेलपाटा नको. तर इंदापूरचे लोक ओळखीचं कुणी भेटेल या भीतीनं बारामतीला येतात, आणि बारामतीचे त्याच भीतीनं शनिवारी इंदापूर गाठतात. एसटी मात्र दोघांची एकच. आणि दोघंही कमरेला हात लावून उतरतात.

मलमाची भानगडही या लपवालपवीतूनच निघाली. पिंपळीची एक बाई मागच्या खोलीत यायची. घरी सांगायची कंबर. एके दिवशी जेवताना नवऱ्यानं नाक वर केलं. "घंटाभर दवाखान्यात हुतीस, मग मलमाचा वास कसा न्हाय?" बाईनं कशीबशी वेळ मारून नेली आणि पुढच्या वेळी निघताना पुढच्या खोलीत जाऊन उभी राहिली. "बाई, जरा कमरंला मलम चोळा. घरी वास न्यायचाय."

आमची फिजिओथेरपीवाली भडकली. "तात्या, मी साडेचार वर्षं मलम चोळायला शिकले का? आम्ही व्यायाम देतो, शेक देतो. मलम आता कुणी लावत नाही."

मॅडमही भडकल्या, पण वेगळ्या कारणानं. "आपण कुणाशी खोटं बोलायचं नाही."

"तोंडानं कोण बोलतंय?" मी म्हटलं. "मलम लावायचं. पुढचं काय ते वास बोलेल."

बराच वाद झाला. शेवटी मॅडमनी निकाल दिला, की कुणी स्वतः मागितलं तरच लावायचं, आपण होऊन कुणाला सुचवायचं नाही. मी मेडिकलमध्ये जाऊन सगळी मलमं हुंगली. दुकानदार मंद सुवासाचं एक नवीन दाखवत होता, मी परत केलं. म्हटलं, ह्याचा वास उंबऱ्यापर्यंतसुद्धा पोचायचा नाही, नाकात झिणझिण्या आणणारं दे. डब्यांचा खोका बघून तो म्हणाला, "तात्या, मलमाचं लोणचं घालताय का?" महिन्याभरात दुसरा खोका आणावा लागला. कारण एकीनं मागितलं आणि बाकड्यावरच्या चौघींना कळलं. मागच्या खोलीतून बाहेर पडायचं, डोळ्याला पाणी लावायचं, पुढच्या खोलीत कमरेला मलम लावून घ्यायचं आणि घरी जायचं, हा आमच्याकडचा रिवाजच पडला. काडीसारखी डॉक्टर रोज पुटपुटायची आणि रोज लावायची.

आता मी ज्या बाईसाठी हे सगळं सांगत बसलोय तिच्याकडं येतो. ती सणसरची. लग्नाला चार-पाच वर्षं झालेली, पंचविशीची सून. पहिल्यांदा आली तो बाजाराचा दिवस होता. काउंटरवरची मुलगी डबा खायला गेलेली, म्हणून तिच्या जागी मी बसलो होतो. पांढरा शर्ट, चष्मा, हातात पेन. तिला वाटलं डॉक्टर मीच. दोन्ही हातांनी काउंटर धरून ती उभी राहिली आणि सगळं एका दमात बोलून गेली.

"सातव्या महिन्यात बाळ गेलं माझं. पोटातच. आता वर्स हुईल. घरात कुणी नावच काढत न्हाय. आत्यांनी समद्यांना सांगून ठिवलंय, ह्या घरात त्यो इषय न्हाय पायजे. मी हसले तरी बघत्यात, गप बसले तरी बघत्यात. मला एकदा रडायचं हाय हो डॉक्टर. पण घरात रडायला जागा न्हाय, आन् रानात गेलं तर बांधावरनं लोकं बघत्यात."

सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात, ते मला माहीत होतं. बाकी मला काहीच सुचलं नाही. तोंडातून जे कायम निघतं तेच निघालं.

"आधार कार्ड आणलंय का?"

तिनं पिशवीत हात घातला. खरंच कार्ड काढायला लागली. मला स्वतःचीच अशी लाज वाटली की सांगता येत नाही. मी तिचा हात थांबवला, आणि बाकड्यावर नंबर लावून बसलेल्या दोघांना ओलांडून तिला थेट मॅडमकडं नेलं. आयुष्यात मी नंबर मोडला तो त्या दिवशी. बाकड्यावरून कुरकुर झाली. मी वळून बघितलं, तशी ती थांबली. टाइम ऑफिसची नजर अजून शाबूत आहे.

मग ती दर बाजाराच्या दिवशी यायला लागली. नवरा मोटरसायकलवरून आमच्या कोपऱ्यावर सोडायचा आणि ट्रॅक्टरचं काहीतरी सामान आणायला जायचा. तो भला माणूस होता, बायकोची कंबर दुखतीय म्हणून गाडी खड्ड्यातून हळू चालवायचा. आत ती काय बोलायची ते मला ठाऊक नाही, ठाऊक असायचं कारणही नाही. बाहेर रिमोट किती वेळा दाबावा लागतो यावरून मला अंदाज यायचा. पहिल्या महिन्यात काउंटरवरच्या मुलीचा अंगठा दुखायला लागला. नंतर आवाज कमी कमी होत गेला. एकदा आतून हसू आलं, तेव्हा मुलीनं गोंधळून टीव्ही पार बंदच केला.

तिला भीती एकच होती, ती मला तिनं मलम लावून घेऊन निघताना सांगितली. "तात्या, आत्यांना कळलं तर हे बंद हुईल. बाहेरच्या माणसापुढं घरातलं बोलले म्हणून त्या मला कवाच माफ करणार न्हाईत. आन् हा एक तास गेला, तर मला दुसरी जागा न्हाय." मी तिला शब्द दिला, की माझ्या दवाखान्यातून ही गोष्ट बाहेर जाणार नाही. दवाखाना माझा नव्हता, पण शब्द माझा होता.

झालं असं, की तिच्या चेहऱ्यावर तेज आलं. जेवायला लागली, अंग धरलं, कामाला उठायला लागली. आणि हेच आमच्या अंगाशी आलं. एका सकाळी तिचा फोन आला, आवाज इतका बारीक की मी दोनदा 'कोण बोलतंय?' म्हटलं.

"तात्या, आत्या येणार हायत. म्हणत्यात, तुझ्या कमरंला एवढा गुण आला, आता माझी बी दाखवू. त्यांची खरंच दुखती हो. काय करू?"

मी तातडीची मीटिंग बोलावली. माझा बेत असा होता, की सासूला पुढच्या टेबलावर झोपवायचं, करंटचं मशीन लावायचं, आणि फिजिओथेरपीवालीनं ते इतकं लांबवायचं की तेवढ्यात सुनेचा तास उरकेल. मुलीनं रिमोट हातातून सोडायचा नाही. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्यांची कंबर दुखत असेल तर नीट उपचार द्या. सून आत आली तर मी भेटेन. पण तात्या, खोटं बोलायचं नाही. एक अक्षर नाही."

"आणि विचारलं तर?"

"विचारलं तर गप्प बसा."

आता मला कुणी गप्प बसायला सांगणं म्हणजे, जाऊ दे.

बाजाराच्या दिवशी दोघी आल्या. सासू चांगली उंच, डोईवर पदर, खांद्याला बाजाराची रिकामी पिशवी. तिनं बाकड्यावर बसायच्या आधी सगळा दवाखाना एकदा नजरेखालून घातला, मग मला विचारलं, "तुमी कुठलं?" कागद माझ्याच डोक्यावर भिंतीला चिकटलेला होता. तरी मी सांगितलं. पाच मिनिटांत तिची धाकटी बहीण माझ्या बायकोच्या माहेरच्या गावात दिलेली निघाली. काउंटरवरची मुलगी पुस्तकात तोंड घालून हसत होती.

सासू पुढच्या खोलीत टेबलावर गेली. मशीन लावलं. "मुंग्या चावल्यावानी हुतंय की," तिचा आवाज आला. सुनेनं आता उठून मागं जायचं होतं. पण ती उठेना. मी डोळ्यांनी खुणावलं, मुलीनं खुणावलं, ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिली. सासू दोन पावलांवर असताना ते दार उघडायची तिची छातीच होईना.

फिजिओथेरपीवालीनं जितकं लांबवता येईल तितकं लांबवलं. शेक झाला, व्यायाम झाले, ते पुन्हा करून दाखवायला लावले. शेवटी म्हातारी उठून बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"झालं?"

"झालं, आजी. आता पुढच्या आठवड्यात."

"एवढंच? आमची तर घंटाभर असती हितं. घरी आल्यावर निम्म्या वाड्याला मलमाचा वास येतो. आन् मला मलम बी न्हाय लावलं?" मग तिनं मागच्या दाराकडं बोट केलं. "तितं घेता व्हय तिला? मग मला बी तितंच घ्या. तिला ज्या मशिनीवर घातली, तिच्यावरच घाला मला."

बाकड्यावर पाच-सहा जणी होत्या. सगळ्या जणी पंख्याकडं बघायला लागल्या. त्यातल्या निम्म्या त्याच मशिनीवरच्या होत्या.

"तिथं मशीन नाही," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

"मग काय हाय तितं?"

मी गप्प बसलो. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. सून पांढरीफटक पडली होती. मला वाटलं, गेला शब्द, गेला तिचा तास, आता ही म्हातारी तिला हाताला धरून बाहेर नेणार.

तेवढ्यात मागचं दार आतूनच उघडलं. प्लायवूड दोन्ही बाजूंनी सारखंच असतं, मॅडमना सगळं ऐकू गेलं होतं. "या मावशी," त्या म्हणाल्या. "इथं दोन खुर्च्या आहेत. बसून बोलायचं असतं."

"बोलून कंबर बरी हुती?"

"कमरेचं मला नाही सांगता येणार. बसून तर बघा."

म्हातारीनं खुर्च्यांकडं बघितलं. मग वळून सुनेकडं बघितलं, चांगलं टक लावून. सुनेनं मान खाली घातली. म्हातारीनं रिकामी पिशवी माझ्या हातात दिली, पदर सारखा केला आणि आत गेली. दार लागलं.

"संपलं, तात्या," सून म्हणाली. मी तिला पाणी दिलं. पिशवी माझ्या हातातच होती.

पुढच्या खोलीत टेबलावर दुसरी पेशंट गेली. टीव्हीवर कुठल्याशा मालिकेत एक सासू सुनेला घराबाहेर काढत होती. मुलीनं घाईघाईनं चॅनेल बदललं. मग आतून बारीक कण्हल्यासारखा आवाज आला, तिनं सरावानं रिमोट उचलला, दाबला, आणि लाईट गेली.

इन्व्हर्टर होता. पण त्याच्यावर पंखे आणि करंटचं मशीन जोडलेलं, टीव्ही नव्हता. चैनीच्या वस्तूला इन्व्हर्टर नाही, हा माझाच हुकूम. काळ्या पडद्यासमोर रिमोट धरून मुलगी दाबत राहिली. फिजिओथेरपीवालीनं प्रसंग ओळखून टेबलावरच्या पेशंटला खड्या आवाजात व्यायाम मोजायला सुरुवात केली, "एक, दोन, पाय वर, पाय वर!" मी खोकलो. पुन्हा खोकलो. पण खेड्यातली म्हातारी जेव्हा हेल काढून रडते तेव्हा ते खोकल्यानं झाकत नाही. ते रडणं चार घरांना ऐकू जाण्यासाठीच असतं. अंगणात, माणूस गेल्यावर, सगळ्यांसमोर रडायचं ते रडणं. या बाईनं ते वर्षभर दाबून ठेवलं होतं.

"माझ्या बाळा रं," आतून आलं, "तुझ्या डोईला कुंची शिवली रं मी. जलमायच्या आधी शिवू न्हाई म्हणत्यात, मला म्हातारीला दम निघंना. कुणाला न दावता शिवली. माझ्या लुगड्याची शिवली. माझ्या हातानं गेलास रं तू, माझ्या हातानं. आता पोरीला कुठल्या तोंडानं सांगू?"

व्यायाम मोजायचे थांबले. बाकड्यावरच्या एकीनं तोंडाला पदर लावला. मी सुनेकडं बघितलं. ती अशी बसली होती की जणू कुणी तिला हाक मारलीय आणि ती कुठून आली हे तिला कळत नाहीये. वर्षभर जी बाई त्या बाळाचं नाव काढू देत नव्हती, ती का काढू देत नव्हती, हे तिला आत्ता कळत होतं. सासूचा तिच्यावर राग नव्हता. तिच्या समोर उभं राहायची भीती होती.

ती उठली आणि मागच्या दाराकडं गेली. तास चालू असताना दुसऱ्यानं दार वाजवायचं नाही हा नियम आहे, आणि तो पाळायला लावणं हे माझं काम आहे. मी माझ्या जागेवरून हललो नाही. तिनं दार वाजवलंही नाही, नुसतं कपाळ टेकवलं आणि म्हणाली, "आत्या, कुंचीनं काय हुत न्हाय वो."

आतलं रडणं एकदम थांबलं. दार उघडलं. ती आत गेली आणि दार पुन्हा लागलं. त्यानंतर दोघींचं रडणं आलं, एकीचं मोठं, एकीचं बारीक. मधेच लाईट आली, टीव्ही मोठ्यानं किंचाळला. आमच्या मुलीनं तो बंद करून टाकला आणि रिमोट कप्प्यात पुस्तकांवर ठेवला. मी चष्मा पुसला. एकदा पुसून भागलं नाही.

दोघी बाहेर आल्या तेव्हा दुपार कलली होती. नंबरवाल्यांपैकी कुणीही कुरकुर केली नव्हती. सासूचे डोळे लाल, पण पदर जागेवर. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि कारखान्याचा साहेब हुकूम देतो तशा आवाजात म्हणाली, "फुडल्या बाजारी दोघींचा नंबर लावून ठिवा. एकाच येळंचा."

मला काही सुचत नसलं की माझ्या तोंडातून काय निघतं ते एव्हाना सांगून झालंय. "येताना आधार कार्ड आणा," मी म्हणालो. सून हसली. मीही हसलो, आणि मला फार बरं वाटलं.

बाहेर नवरा मोटरसायकल घेऊन उभा होता. दोघी दारापर्यंत गेल्या. सुनेनं चपला पायात घातल्या, तोच सासू थबकली, मागं वळली आणि तडक पुढच्या खोलीत जाऊन फिजिओथेरपीवालीसमोर पाठ करून उभी राहिली.

"बाई, मलम ऱ्हायलं की," ती म्हणाली. "लावा. हिला बी लावा. घरी मालकास्नी वास आला पायजे."

आमची काडी डॉक्टर त्या दिवशी काही पुटपुटली नाही. तिनं कपाटातून नवी डबी काढली आणि झाकण उघडलं.